अक्कांच्या कपाटासाठी एक कागद

मराठी शाळेत शिकून पोटासाठी बेंगळुरूत आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, आपणा सर्वांचे एक दुखणे सारखे आहे. आपण वर्षानुवर्षे इंग्रजी शिकलो, वाक्यांचे काळ बदलले, गायीवर निबंध लिहिले. आणि व्हाइटफील्डच्या लिफ्टमध्ये चिकटवलेली नोटीस समोर आली, तेव्हा दुसरे कोणी ती वाचून सांगेल म्हणून मोबाइलमध्ये डोके घालून उभे राहिलो. हा आपल्या बुद्धीचा दोष नव्हता. आपल्याला जे इंग्रजी शिकवले, ते कुणीच कुणाशी बोलत नव्हते! हे ठणकावून सांगणाऱ्या प्रमिलाबाई हुक्केरीकर, आपल्या सर्वांच्या अक्का, पंच्याहत्तर वर्षांच्या होत आहेत. मला गप्प बसवत नाही.

अक्कांची नि माझी पहिली भेट मारतहळ्ळीतल्या आपल्या मराठी मंडळाच्या खोलीत झाली. तिथे त्यांचा रविवारचा वर्ग भरतो. मला इंग्रजीच्या महत्त्वावर बोलायला बोलावले होते आणि मी चांगले तासाभराचे भाषण घेऊन गेलो होतो. टेबलावर पाहतो तर दुधाची धुतलेली पिशवी, कुकरचे खोके, खोकल्याच्या औषधाची बाटली आणि कुठल्याशा अपार्टमेंटची नोटीस. मी घसा साफ केला, तोच अक्का आपल्या कानडी मिसळलेल्या मराठीत म्हणाल्या, "सरी, भाषण मग करा. आधी स्वल्प बसा, आणि या नोटिशीत पाणी कधी येणार नाही तेवढं या वहिनींबरोबर शोधा." बसलो. वहिनींचे बोट ओळींवरून सरकत वारावर येऊन थांबले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते पाहून मी भाषण खिशातच ठेवले.

अक्का कागद सोपा करून देत नाहीत. खरा कागद जसाच्या तसा समोर ठेवतात. सोपे करतात ते त्यातले काम. आधी फक्त तारीख शोधायची. मग कागद जे करायला सांगतो ते करून दाखवायचे. मग शेजारच्याला ते इंग्रजीत सांगायचे. एका निवृत्त इंजिनिअरांना हे रुचले नाही. हे तर कचऱ्यातले इंग्रजी, असे ते म्हणाले. अक्का शांतपणे म्हणाल्या, "कचऱ्यात जायच्या आधी ते तुमच्याच घरात होतं की, अण्णा." ते अण्णा आता दर रविवारी खुर्च्या मांडायला येतात.

आणि रेखा! चिकोडीकडची ही मुलगी बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे. सुपरवायझर झाली तर तिची रात्रपाळी सुटेल आणि गावी आजीकडे ठेवलेली लेक इकडे आणता येईल. त्यासाठी परराज्यांतून आलेल्या नव्या कामगारांना सुरक्षेच्या सूचना इंग्रजीत समजावून दाखवाव्या लागतात. पहिल्या परीक्षेला ती कुठल्याशा पुस्तकातला स्वतःचा परिचय घोकून गेली. साहेबांनी डिंकाच्या डब्याकडे बोट दाखवून विचारले, हा हाताला लागला तर काय करायचे? रेखाने सांगितले की ती कष्टाळू आणि वक्तशीर आहे. खोलीत हशा पिकला. रेखाचे वर्गाला येणे थांबले.

अक्का दुखऱ्या गुडघ्यांनी बस बदलत तिच्या खोलीवर गेल्या. सांत्वन केले नाही. "तू खोटं नाही बोललीस, रेखा," त्या म्हणाल्या, "पण माणसाच्या हाताला डिंक लागलाय आणि तू त्याला आपलं नाव सांगत बसलीस." रडता रडता रेखा हसली. पुढच्या रविवारी तसला एक रिकामा डबा वर्गात आला. आमचे इंजिनिअर अण्णा हाताला डिंक लागल्यासारखे ओरडत फिरले, आणि रेखाने त्यांना इंग्रजीत दटावत थेट नळापर्यंत नेले!

आता ताजी गोष्ट. पंच्याहत्तरीच्या सोहळ्यासाठी नेमलेल्या आपल्या गौरव समितीने अक्कांना न सांगता वर्गाचे कपाट रंगवून घेतले. आतली सगळी 'रद्दी', म्हणजे अक्कांनी जमवलेले कागद, पाकिटे नि डबे, काढून टाकली आणि तिथे परदेशी छपाईची गुळगुळीत पुस्तके लावली. अक्कांनी दार उघडले. समिती कौतुकाची वाट पाहत उभी. रेखाचा चेहरा पडला. तिचा डबाही गेला होता आणि दुसरी परीक्षा तोंडावर आलेली. अक्कांनी एक पुस्तक चाळले. "छान आहेत. वरच्या कप्प्यात ठेवा," त्या म्हणाल्या. "जुनं गेलं त्याचं काही नाही, औषधं बदलली, बसचे मार्ग बदलले. पण रेखाची परीक्षा आहे. खालचे कप्पे मला भरून पाहिजेत."

अक्कांचे गुडघे त्यांना मंडळाचा जिना अजून खूप वर्षे चढू देवोत, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरे त्यांच्या नजरेला अशीच दिसत राहोत, आणि माझ्यासारख्या वक्त्यांना खाली बसवणारा त्यांचा आवाज शंभरीतही असाच खणखणीत राहो. पण नुसत्या शुभेच्छांनी कप्पे भरत नाहीत. म्हणून मित्रहो, शाल नको, हार नको. सोहळ्यानंतरच्या पहिल्याच रविवारी, ज्याला तुम्ही आजवर घाबरत आलात असा एक इंग्रजी कागद, पाकीट किंवा रिकामा डबा घरातून उचला, मारतहळ्ळीच्या खोलीत या आणि अक्कांच्या हातात द्या. रेखा पहिल्या बाकावर बसलेली असेल.