आधी वास, मग मत

वाळकी लेंडी बोटांत मोडायची, नाकाजवळ न्यायची आणि म्हणायचं, "आधी वास, मग मत." ही बाईंची सवय. तुमच्यापैकी कुणी तेव्हा चौसाळ्याजवळच्या आमच्या दूध संस्थेत चहाला बसलं असतं, तर कप तिथंच ठेवून उठलं असतं. मी रोज उठायचो.

बाई लांडगे आणि गावकुत्री यांच्यावर संशोधन करायला आल्या होत्या. कोण काय खातं, दोघांची गाठ कुठं पडते, हे शोधायला माळावरची विष्ठा गोळा करत. संस्थेचा सचिव म्हणून मी त्यांना व्हरांड्यातली एक फळी दिली आणि अटी घातल्या: पिशव्या बंद, हात साबणानं, दुधाच्या कॅनला शिवायचं नाही. त्यांनी सगळ्या पाळल्या. वासानं एकही पाळली नाही.

दुष्काळाचं साल होतं. संस्थेची चारा छावणी होती, आणि मेलेली जनावरं छावणीमागच्या ओढ्यात ओढून टाकत. पुरायचा कंटाळा. गावची कुत्री तिथंच मुक्कामाला गेली. सुजलेली पोटं, माश्यांचे थर, वाऱ्यावर येणारी ती घाण.

मग एका म्हाताऱ्या धनगराच्या मेंढ्या फाडलेल्या सापडू लागल्या. तो संस्थेत येऊन ओरडला, "लांडगाच हाय! डोंगरात बिळात पिल्लं हायेत त्याची. मिरच्याचा धूर घालतो."

"थांबा, बाबा." बाईंनी मेंढरांच्या वाड्याजवळ सापडलेली लेंडी टेबलावर मोडली. आत लोकर निघाली आणि पिवळ्या प्लास्टिकचा तुकडा. छावणीतल्या जनावरांच्या कानातला बिल्ला. मग बिळाजवळची मोडली. सशाचे केस, उंदराचे दात. "मेंढ्या मारणारा ओढ्यात जेवतो. बिळातला नाही. घ्या वास."

म्हाताऱ्यानं दोन्ही हुंगल्या आणि थुंकला. "कुत्रीच हायेत. ऱ्हाऊ द्या पिल्लं."

बाजूला बसलेले संस्थेचे चेअरमन हसले. "म्हंजी दोष कुत्र्यांचा?"

"दोष ओढ्याचा. जनावरं पुरा."

मी लगेच सांगितलं: जेसीबी, चुना, दोन माणसं, उद्या सकाळी.

"कावून एवढा खटाटोप?" चेअरमन म्हणाले. "लांडगा तर येत न्हाई ना तिथं?"

"अजून तरी नाही," बाई म्हणाल्या.

जेसीबी आलाच नाही. चेअरमनच्या माणसांनी मढ्यांत विष कालवलं. सकाळी ओढ्यात कुत्री ताठ होऊन पडली होती, तोंडाला फेस. त्यांच्यातच लांडग्याची मादी. माळावरचे ससे संपले होते. तीही खाली उतरली होती. तिचे सड दुधानं तटतटले होते.

बाई तिच्याजवळ बसून राहिल्या. त्या नरकात आम्ही सगळे नाकाला रुमाल लावून उभे, त्यांचं नाक उघडं. इतक्या दिवसांत त्यांना नाक झाकताना मी कधीच पाहिलं नव्हतं.

चेअरमन पुढं झाले. "मिटलं की बाई! कुत्रं बी न्हाई, लांडगा बी न्हाई. लई सोपं होतं."

बाई उठल्या. त्यांच्याकडे पाहिलं, ओढणीचं टोक ओढलं आणि नाक झाकलं. मत दिलंच नाही.

दुधाची बाटली मागायला त्या माझ्याकडे वळल्या. मी कॅनमधून भरून दिली. म्हातारा धनगर वाट दाखवायला पुढं झाला. बिळाच्या दिशेनं डोंगर चढणाऱ्या बाई मला शेवटच्या दिसल्या त्या पाठमोऱ्या. ओढणी अजून नाकावरच होती.