बंधुमंडळातले चिंचोके

रविवारची उपासना संपली की आम्ही चार-पाचजण चर्चच्या पायरीवर चहा घेऊन टेकतो आणि कुणीतरी म्हणतंच, "आरं, ते आठवतंय का?" मग चहा गार होतो. पूर्वी किस्से घडायचे आणि सांगायला वेळ नसायचा. आता घडत काहीच नाही, म्हणून सांगणं वाढलंय.

आमचं म्हणजे धारूरचं ख्रिस्ती बंधुमंडळ. मिशनच्या काळात आमच्या आजोबांनी काढलेलं, फक्त पुरुषांचं. सभासदाच्या घरी दुखणं असलं की प्रार्थनेला जायचं. मयत झाली की खांद्यावर निळी पट्टी घालून सहाजणांनी शवपेटी उचलायची.

नवा अर्ज आला की मतदान, तेही चिंचोक्यांनी! प्रत्येकाच्या हातात दोन. चुन्यात बुडवलेला पांढरा म्हणजे हो, तसाच काळा म्हणजे नाही. एक डब्यात टाकायचा, उरलेला दाराशी टांगलेल्या थैलीत. कुणी काय टाकलं ते कुणाला कळत नसे. डब्यात एक जरी काळा निघाला तरी अर्ज बाद!

*

अध्यक्ष होते सायमनमामा. रिटायर मास्तर, त्यामुळे हजेरी घेतल्याशिवाय सभा सुरू होत नसे. पोरं शिकून बाहेर पडली तरी मामा वहीतली नावं खोडायला तयार नव्हते.

"याकोब?"

"पुण्याला."

"शमुवेल?"

"पुण्याला."

"विल्सन?"

"त्यो दुबईला गेलाय मामा!"

मामांनी चष्मा काढला. "मंग मंडळच तिकडं न्या की बे! आमी हितं कशापायी बसलोय?"

सगळे हसले. मामांनी मात्र तिन्ही नावांपुढं 'रजा' लिहिलं. ती माणसं त्या वहीत अजून रजेवरच आहेत.

*

एकदा एलिशिबाकाकूंनी अर्ज दिला. काकू सरकारी दवाखान्यात नर्स होत्या आणि चर्चच्या पाळकसाहेबांपेक्षा जास्त गीतं त्यांना पाठ होती.

मामा म्हणाले, "काकू, बाया आल्यावर सभेत आमी मोकळं बोलायचं कसं?"

"आत्ता काय बोलता?"

मामांनी आमच्याकडं पाहिलं. आम्ही मागची सभा आठवली. विषय एकच होता: सतरंजी कुणाच्या घरी राहिली!

काकूंचा अर्ज नियमात बसत नव्हता, म्हणून मतदानापर्यंत गेलाच नाही. पुढं गावात एक नवी प्रार्थनासभा निघाली. कीबोर्ड, माइक, स्क्रीनवर गीतं. काकू तिकडं गेल्या आणि त्यांच्या मागं आमच्या घरांतली अर्धी पोरं गेली. सतरंजी मात्र सापडली. पसरली की आता निम्मी मोकळी राहते.

*

दानियलचा किस्सा पायरीवर निघाला की मी चहा आणायला उठतो.

दानियल टेम्पो चालवतो. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, मला दादा म्हणतो. त्यानं धनगराच्या सविताशी रजिस्टर लग्न केलं. ती त्याच्याबरोबर चर्चला यायची, पण बाप्तिस्मा घेतला नव्हता. सायमनमामांनी तेव्हा चारचौघांत त्याला खडसावलं होतं. वर्षभरानं दानियलनं मंडळासाठी अर्ज दिला.

त्या वेळी आम्ही अकराजण हजर होतो. मामांनी डबा उपडा केला. दहा पांढरे, एक काळा!

दानियल बाहेर पायरीवर वाट बघत होता. निकाल ऐकून त्यानं एवढंच विचारलं, "कावून, मामा?"

"म्या न्हाई टाकला रं," मामा म्हणाले.

कुणाचाच विश्वास बसला नाही. थैलीतही एक चिंचोका कमी भरला. मामांनी नवा चुन्यात बुडवला आणि विषय संपला. दानियल त्यानंतर मामांशी कधी बोलला नाही.

तो काळा माझा होता. त्याच्या लग्नाचं मला काहीही नव्हतं. मंडळात हार्मोनियम मी वाजवायचो आणि दानियल माझ्यापेक्षा फार चांगली वाजवायचा. एवढंच! थैलीत टाकायचा पांढरा मी घाबरून खिशातच ठेवला. दुसऱ्या दिवशी आठवण झाली तेव्हा शर्ट दोरीवर वाळत होता आणि खिसा रिकामा होता. गेला असेल पाण्यात, म्हटलं, आणि बरंच वाटलं.

*

मागच्या वर्षी सायमनमामा गेले. निळ्या पट्ट्या घालून आम्ही दारात उभे राहिलो आणि मोजलं, तर पाचच! सहावा खांदा कुठून आणायचा?

तेवढ्यात टेम्पो थांबला. दानियल उतरला, चपला काढल्या आणि पट्टीबिट्टी काही न मागता पुढं येऊन वाकला.

कुणीतरी चाचरत म्हणालं, "दानियल, तू..."

"मामा मला न्हाई म्हणले. मी कसं म्हणू त्यान्ला न्हाई?"

किल्ल्याखालच्या कबरस्तानापर्यंत मी त्याच्या मागच्याच खांद्याला होतो. सांगायचं असतं तर वाट भरपूर लांब होती. मी त्याच्या शर्टाची पाठ बघत चाललो. मामा माझा काळा चिंचोका आपल्या नावावर घेऊन मातीत गेले. याची लाज मला मरेपर्यंत पुरेल.

*

आता आम्ही पाचजण. गेल्या महिन्यात नियम बदलले, बायकांनाही घ्यायचं ठरलं. काकूंकडं गेलो तर त्या म्हणाल्या, "लई उशीर केला बाबांनो." मग दानियलकडं गेलो. तो म्हणाला, "आर्ज देतो दादा. पण मतदान घ्या, नियमानं."

काल दुपारी सभा होती. मी पट्टी घातली आणि निघालो. माझी बायको रूथ, लग्नाला तीस वर्षं झाली, मंडळातलं तिनं कधी काही विचारलं नाही. ती स्वयंपाकघरातून पिठाच्या हातानं बाहेर आली. शिलाई मशीनचा खण ओढला, बटणांच्या डबीतून काहीतरी काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

चिंचोका. पांढरा. एका बाजूचा चुना उडालेला.

"ह्या बारीला ह्यो टाका," ती म्हणाली. "पण आदी दानियलला दावा."

आणि तव्यावरची भाकरी उलटायला आत गेली.