धक्क्यावरची हाक

मुंबईला पहिल्यांदा जाणाऱ्याला सल्ले देणारी माणसं मला बघवत नाहीत. ज्याला डिचोलीच्या बाजारात बांगड्यांचा भाव धड करता येत नाही, तो मुंबईचं नाव निघालं की मांडी ठोकून बसतो. पाणी कुठलं प्यावं, पाकीट कुठे ठेवावं, रस्ता कसा ओलांडावा, सगळं त्याला पाठ. ऐकणारा बिचारा आधीच घाबरलेला असतो आणि घाबरलेला माणूस मधे तोंड घालत नाही, म्हणून या लोकांचं फावतं.

आमच्या घराण्यात हे काम पेडण्याच्या मामाकडे होतं. मामा तरुणपणी, म्हणजे गोव्यात अजून पोर्तुगीज होते तेव्हा, मुंबईत गिरगावात कुणा ओळखीच्याच्या कापडदुकानात तीन महिने होता. मग पोट बिघडलं आणि परत आला. त्या तीन महिन्यांत त्याने दुकान, खानावळ आणि या दोहोंमधला रस्ता एवढीच मुंबई पाहिली. एवढ्या भांडवलावर तो उरलेला जन्म मुंबईचा जाणकार म्हणून मिरवला. कुणी मुंबईला निघालं असं कळलं की बोलावणं नसताना पहिल्या बसने हजर व्हायचा, आणि चहाबरोबर ताजे उंडे, म्हणजे आमच्याकडचे गोल पाव, मिळाले नाहीत तर रुसायचा.

आम्ही निघालो तेव्हा गोवा मुक्त होऊन दहाबारा वर्षं झाली होती. मी सर्वणच्या मराठी शाळेत मास्तर होतो. माझ्या वडिलांचा एक डोळा काचबिंदूने आधीच गेला होता आणि दुसरा त्याच वाटेवर होता. पणजीच्या डॉक्टरांनी मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरच्या नावे चिठ्ठी दिली आणि सांगितलं, आता दिवस घालवू नका. तो डॉक्टर बाहेरच्या रुग्णांना फक्त मंगळवारी बघायचा. सकाळी अकरापर्यंत नंबर घेत, मग खिडकी बंद, की पुढच्या मंगळवारपर्यंत थांबा.

बाबा श्रावणात देवळात पोथी वाचत. त्यांच्या आधी त्यांचे वडील वाचायचे. वाचता वाचता ते अर्थही सांगत, आणि भातलावणीने कंबर मोडलेली माणसंसुद्धा झोप आवरून ऐकत बसत. त्या श्रावणात त्यांनी पोथी नाकाला लावून, दिव्याची वात तीनदा मोठी करायला लावून कसाबसा अध्याय पुरा केला होता. घरी येऊन म्हणाले, "दुसरो डोळो गेलो तर पोथी कोण वाचतलो?" आंधळं होण्याचं त्यांना काही वाटत नव्हतं, पोथीचं वाटत होतं.

देवाला प्रसाद लावला. मूर्तीला चिकटवलेल्या पाकळ्यांतली उजवी पडली, म्हणजे जा. देवाचं काम एका पाकळीत आटोपलं. मामाचं दोन दिवस चाललं.

"धक्क्यावर उतरल्यार कोणाकडे बघू नको," मामा म्हणाला. "वाट विचारलीस की मेलास. नवखो म्हणून वळखतत. उंच इमारतीकडे मान वर करू नको. कोणी विचारल्यार सांग, हंयच रवतंव आमी."

"आणि वाट कळली नाही तर?"

"कळना म्हणजे? धक्क्याभायर येवन उजवीकडे मोठ्या रस्त्यार उबो रव. ट्राम येता. थेट हॉस्पिटलाच्या दारात."

मग त्याने आवाज उतरवून खरी गोष्ट सांगितली. मुंबईचे भामटे पेटीवर रंगवलेलं नाव वाचतात आणि त्याच नावाने हाक मारतात. माणसाला वाटतं कुणी ओळखीचं भेटलं. तो विरघळतो आणि लुबाडला जातो. "नावान हाक मारली की समज, तो चोर." आमच्या पत्र्याच्या पेटीवर बाबांचं नाव आणि गाव मी स्वतः पांढऱ्या रंगाने, माझ्या सुवाच्य मास्तरी अक्षरात लिहिलं होतं. मामा त्या अक्षरांकडे असा बघत राहिला की जणू मी चोरांना आमंत्रणपत्रिका छापून दिली होती.

आमच्या अंगणाच्या कडेला मांगर होता, अवजारं ठेवायचं खोपट. तिथे एक कुडाळकडचा ट्रक ड्रायव्हर भाड्याने राहत असे. शिरगावच्या खाणीवरून तो खनिज वाहायचा आणि संध्याकाळी केसांपासून टाचेपर्यंत लाल होऊन परतायचा. त्याने सोप्याची पायरी चढलेली मला खपत नसे. आम्ही जुनी, शिकलेली, जमीनजुमला असलेली माणसं आणि हे खाणीवरचे, अशी माझी समजूत होती आणि ती मी लपवतही नव्हतो. बाबा संध्याकाळी सोप्यावर वाचत तेव्हा तो खाली अंगणात उकिडवा बसून ऐकायचा. बाबांना तो 'पोथीवाले आबा' म्हणायचा. 'पोथीवाले' असं दुसरं कुणी म्हणत नसे.

आम्ही निघतोय हे कळल्यावर तो पायरीशी येऊन म्हणाला, "मास्तरानू, माझो भाव मुंबैक गिरणीत आसा. तेका चिठी धाडतंय. तो धक्क्यार येयत."

मी म्हटलं, "नको. आमची व्यवस्था झालीय."

व्यवस्था म्हणजे मामाची ट्राम.

पणजीहून बोट निघाली आणि दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, आठच्या सुमाराला भाऊच्या धक्क्याला लागली. बाबांचा उजवा हात माझ्या खांद्यावर, माझ्या एका हातात पेटी, दुसऱ्यात नारळांची पिशवी. नारळ कशाला, तर डॉक्टरला द्यायला. रिकाम्या हाताने कसं जायचं, हा सल्लाही मामाचाच. मुंबईतल्या मोठ्या डॉक्टरला सर्वणचे नारळ देऊन लवकर नंबर मिळवायचा, हे पेडण्यातच सुचू शकतं.

हमाल, टॅक्सीवाले, कोळणी, सगळे एकदम ओरडत होते. त्या गोंधळात एक हाक स्पष्ट ऐकू आली. "पोथीवाले आबा! सर्वणचे पोथीवाले आबा!"

मी वळून पाहिलं. कठड्यापाशी एक माणूस हात वर करून उभा होता. मी मान फिरवली आणि बाबांना घेऊन चालू लागलो. तो गर्दीतून वाट काढत जवळ आला. "गोव्यातसून इलात मां? आबांक घेवन?"

"नाही," मी म्हणालो. "आम्ही इथलेच."

बाबा थांबले. "अरे, तो आपलोच मनीस दिसता. आवाज आपल्या ड्रायव्हराचोच."

"बाबा, पेटीवरचं नाव वाचून हाक मारतात हे."

"पेटयेर पोथी बरयल्या काय रे?"

पेटीवर मी नाव आणि गावच लिहिलं होतं, पोथी नाही. तरी मी चालत राहिलो. त्यांचा हात खांद्यावरून निसटू नये म्हणून पावलं मात्र जपून टाकत राहिलो. इतका मी आज्ञाधारक मुलगा होतो.

धक्क्याबाहेर उजवीकडे, मोठ्या रस्त्यावर उभे राहिलो. रस्त्यात कुठे कुठे रूळ दिसत होते, त्यामुळे मामाचं खरं वाटलं. साडेआठ झाले, साडेनऊ झाले, साडेदहा झाले. बस जात होत्या, टॅक्सी जात होत्या. टॅक्सीवाला फसवतो म्हणून टॅक्सी नाही, कुठली बस हे विचारायचं नाही म्हणून बस नाही. ऊन चढलं. बाबा पेटीवर बसले, नंतर पेटीला टेकून खाली बसले. मी उंच इमारतींकडे न बघता, इथलाच असल्यासारखा, ट्रामची वाट बघत उभा होतो.

शेवटी शेजारच्या केळीवालीलाच राहवलं नाही. "कुठे जायचंय तुम्हाला?"

"ट्राम आली की जाऊ," मी ऐटीत म्हणालो.

"ट्राम?" ती हसायला लागली, मग बाबांच्या डोळ्यांकडे बघून तिने हसू आवरलं. "अहो, ती बंद होऊन किती वर्षं झाली!"

तिनेच टॅक्सी थांबवली. टॅक्सीवाल्याने आम्हाला सरळ, कुठेही न फिरवता, इस्पितळाच्या दारात सोडलं. अकरा वाजून गेले होते, नंबराची खिडकी बंद झाली होती.

खिडकीखालच्या पायरीवर तो धक्क्यावरचा माणूस बसला होता. आम्हाला बघून उठला. मी नारळांची पिशवी अशी धरली होती की जणू तो तीच हिसकावणार होता. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. बाबांच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, "आबानू, उशीर झालो. मी रांगेत नंबर धरलेलो, पण माणूस समोर होयो म्हणाले." मी नको म्हटलं तरी ड्रायव्हरने भावाला चिठी धाडून बोट आणि इस्पितळ कळवलं होतं, आणि गिरणीत खाडा करून तो पहाटेपासून आधी धक्क्यावर आणि मग तिथे उभा होता.

तो आठवडा आम्ही त्याच्या खोलीत काढला. सहाजण राहत त्या खोलीत. त्यांनी बाबांना खिडकीजवळची जागा दिली आणि मला दाराजवळची. ज्याला मी माझ्या पायरीवर घेत नव्हतो, त्याच्या भावाच्या उंबऱ्याशी मी सात दिवस जेवलो. गुरुवारी बाबांच्या डोक्यात कळा सुरू झाल्या, डोळा लाल झाला, उलट्या झाल्या. त्यानेच त्यांना पाठुंगळी घेऊन इस्पितळात नेलं. शिकाऊ डॉक्टरांनी थेंब घातले, गोळ्या दिल्या. कळा थांबल्या. उजेड मात्र परत आला नाही.

मंगळवारी मोठ्या डॉक्टरने डोळा पाहिला, चिठ्ठीवरची तारीख पाहिली. "मागच्या मंगळवारी का नाही आणलंत? काहीतरी वाचवता आलं असतं."

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "वाट चुकली, डॉक्टर."

मामा भेटायला आला तेव्हा सगळं ऐकून म्हणाला, "ट्राम बंद केली? सांगूक नको?" मी त्याच्याशी पुन्हा धड बोललो नाही. वर्षानुवर्षं माझ्या बाबांचा डोळा मामाने खाल्ला असं मी सगळ्यांना सांगत आलो. या लिखाणाची सुरुवातही तशीच केली. पण ते खरं नाही. धक्क्यावर वळून पाहिलं तेव्हा मी त्या माणसाला ओळखलं होतं. तोच रुंद जबडा, तसेच पुढे आलेले दात, ड्रायव्हरचाच चेहरा, फक्त धुतलेला. तो चोर नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. मुंबईच्या भर धक्क्यावर, बोटीवरच्या डिचोलीच्या चार ओळखीच्या माणसांसमोर, मांगरातल्या भाडेकरूच्या गिरणीवाल्या भावाबरोबर जायची मला लाज वाटली. मामाचा सल्ला फक्त हाताशी होता.

बाबा नंतर सतरा वर्षं जगले. श्रावणात पोथी मी वाचत असे आणि चुकलो की ते शेजारून दुरुस्त करत. त्यांना बरीचशी पाठ होती.

आणखी एक नामुष्की सांगायची राहिली. मी मुंबईला जाऊन आलेला म्हणून सर्वणमध्ये माझं वजन वाढलं. कुणी निघालं की सल्ला घ्यायला आमच्याकडे येऊ लागलं, आणि मी तो देऊ लागलो. कुठली बस, कुठली खानावळ, पाकीट कुठे ठेवायचं. सात दिवसांच्या भांडवलावर मी मामापेक्षा जास्त बोलायचो. बाबा सोप्यावर ऐकत बसत. त्यात पडत नसत.

एकदा शेजारची मुलगी नर्सिंग शिकायला मुंबईला निघाली होती. माझं तासभर सांगून झालं. ती उठून बाबांच्या पाया पडली, तेव्हा त्यांनी विचारलं, "मास्तरान सगळें सांगलें मगो?"

"सगळें सांगलें, आबा."

"तें सगळें विसरल्यार चलता. थंय कोणें हाक मारली तर ओ दी."

ती गेली. बाबा भिंत चाचपत उठले आणि नेहमीसारखा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "त्या दिसा हाक आयकून तुजो खांदो वळिल्लो रे. माका तेन्नाच कळ्ळां, तुवें तेका वळखलो."