गृहीतकबाई आणि गरब्याचे खांदे

आमच्या गृहीतकबाई निकाल झाकून ठेवायच्या. अगदी खरोखर! डोंबिवलीतल्या त्यांच्या घरी तुम्ही लॅपटॉप उघडलात, की त्या टीपॉयवरचा क्रोशाचा रुमाल उचलून स्क्रीनच्या खालच्या अर्ध्या भागावर टाकायच्या. त्या रुमालाखाली काय असायचं? ज्या आकड्यासाठी आपण वर्षानुवर्षं घाम गाळला, तो आकडा! पॉइंट झिरो फाइव्हच्या आत असला, म्हणजे निकाल निव्वळ योगायोगाचा नाही असं ठरलं, तर पेढे, बाहेर गेला तर तोंड लपवायची वेळ. आपला जीव टांगणीला लागलेला आणि बाई मात्र शांतपणे चष्मा पुसत म्हणायच्या, “नवरीचं तोंड मागाहून. आधी घरदार बघू.”

बाई कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. कुठलंही गणित काही गृहीतकांवर उभं असतं, ती तपासल्याशिवाय उत्तर वाचायचं नाही, हा त्यांचा धर्म. म्हणून आम्ही पीएचडीवाल्यांनी त्यांचं बारसं केलं, गृहीतकबाई! त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. “सॉफ्टवेअर फार भिडस्त असतं,” त्या म्हणायच्या. “कोणाला नाही म्हणवत नाही त्याला. भाजीचे भाव घाल, तरी निकाल देईल.” एकदा कल्याणचे एक प्राध्यापक सोनेरी अक्षरांत बांधून घेतलेला प्रबंध घेऊन आले आणि म्हणाले, “जरा आकडे तपासता का?” बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला. “छान झालंय हो बाइंडिंग,” म्हणाल्या आणि परत दिला. बिचारे चहा न घेताच गेले.

आता माझी गोष्ट. टेंभी नाक्याजवळ माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. पंचेचाळिशीला पोचल्यावर मला पीएचडीचं खूळ लागलं. विषय, आखडलेले खांदे. एकाच दिवशी सगळ्या बायकांना व्यायाम सुरू करून दिले आणि हात किती वर जातो ते त्याच बायकांचं चार वेळा मोजलं. शेवटची मुदतवाढ संपत आली होती. आमचे गाइड सर म्हणाले होते, “निकालाला चांदणी नसेल, तर परीक्षक तुम्हाला सोलून काढतील.” सॉफ्टवेअरने आकड्यापुढे ती चांदणी, म्हणजे आकडा आत बसल्याची खूण, दिली होती! मी नाचतच डोंबिवलीला गेले.

रुमाल पडला. बाईंनी आधी ठिपक्यांचा आलेख पाहिला. “शाळेच्या रांगेतल्यासारखे उभे आहेत. शाब्बास.” माझी कॉलर ताठ. मग त्या पुढच्या तक्त्यावर आल्या आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

“अगं, इथे मोडलंय.”

“काय मोडलंय?”

“एकाच माणसाला पुन्हा पुन्हा मोजतेस ना, मग कुठलीही दोन मोजमापं घे, त्यांच्यातल्या फरकांचा पसारा साधारण सारखा हवा. तुझं तिसरं मोजमाप आलं की सगळं विस्कटतं. काही बायका टुणटुणीत पुढे, काही एकदम मागे. त्या आठवड्यात काय झालं होतं गं?”

“काही नाही हो बाई, नेहमीसारखंच.”

“तारीख बघ.”

मी मोबाइलमधलं कॅलेंडर उघडलं आणि इतक्या जोरात किंचाळले, की शेजारच्या काकूंनी दार उघडलं. नवरात्र! टेंभी नाक्याची देवी! माझ्या निम्म्या पेशंट रात्रभर गरबा खेळून सकाळी ठणकते खांदे घेऊन माझ्या टेबलावर आल्या होत्या. आणि मला ते माहीत असायलाच हवं होतं, कारण त्यांच्याच रिंगणात, घागरा घालून, मीही होते!

बाई पोट धरून हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, “आता वरची ओळ विसर. पसारा असा विस्कटला, की त्याच तक्त्यात खाली दुरुस्तीची ओळ असते, ती वाचायची.” त्यांनी रुमाल काढला. दुरुस्तीच्या ओळीत आकडा कुंपणाबाहेर गेला होता. थोडासाच, पण बाहेर. चांदणी गेली.

मी हार मानणारी नाही. म्हटलं, “बाई, गरबेवाल्या काढून टाकते. उरलेल्यांवर चालवते.” चालवून पाहिलंही. पसारा आवरला, चांदणी परत आली, लख्ख! मी टाळी वाजवली. बाईंनी वाजवली नाही.

“त्या का नाचल्या गं?” त्यांनी विचारलं.

“म्हणजे? नवरात्र होतं म्हणून.”

“आदल्या वर्षीही होतं. तेव्हा नाचल्या होत्या?”

आदल्या वर्षी त्या बायकांना केसांत फणी घालता येत नव्हती.

“खांदे मोकळे झाले म्हणून नाचल्या,” बाई म्हणाल्या, “आणि तू त्यांनाच हाकलतेयस.”

मी एकीलाही वगळलं नाही. दुरुस्तीची ओळ छापली, चांदणीशिवाय, आणि त्याखाली गरब्याचा एक परिच्छेद लिहिला. गाइड सरांनी कपाळाला हात लावला. “प्रबंधात गरबा? मॅडम, काय हे?” पण सही केली.

तोंडी परीक्षेला परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं. “निकाल मिळाला नाही, मग तुमच्या हाती लागलं काय?” माझी जीभ काय थांबतेय! देवीपासून सुरुवात केली, घागऱ्यासकट सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हटलं, “सर, सण बघून तारखा ठरवायला हव्या होत्या, हे हाती लागलं.” परीक्षक हसले नाहीत. त्यांनी तो परिच्छेद पुन्हा वाचला, म्हणाले, “हे पान मी माझ्या विद्यार्थ्यांना दाखवणार,” आणि मला डॉक्टर करून टाकलं.

तोवर बाई मुलीकडे बेळगावला राहायला गेल्या होत्या. बाहेर येऊन रस्त्यातूनच फोन लावला. “बाई, डॉक्टर झाले!”

“होणारच होतीस. त्या नाचणाऱ्यांचे खांदे कसे आहेत?”

“मोजले नाहीत हो. पण परवा भाजी घेताना मागून माझ्या पाठीत असा सणसणीत धपाटा बसला, वळून बघते तर त्यांच्यातलीच एक! हात पार डोक्याच्या वरून आणला होता तिने!”

पलीकडे बाई इतक्या हसायला लागल्या, की त्यांच्या मुलीने फोन घेतला आणि घाबऱ्या आवाजात विचारलं, “कोण बोलतंय? काय सांगितलंत तुम्ही आईला?”