उक्वाची सावली आणि उगोम्माचा खडू

उगोम्मा छपरावर चढली तेव्हा हसणाऱ्यांत मी पहिली होते. आता कबूल करायला लाज कसली! बाईनं पुरुषांच्या डोक्यावरून चालू नये, असं आमच्या न्सुक्का गावातली जुनी माणसं मानतात. आणि ही बया, जनरेटर दुरुस्त करणाऱ्या बापाची पँट चढवून, कमरेला पाने-पक्कड लटकवून, थेट शिडीवर. मी शिवणयंत्र थांबवून बघत बसले.

छप्पर होतं शेजारच्या न्ने ओयिरीचं. न्ने म्हणजे आई. सगळी गल्लीच तिला तसं म्हणते. म्हातारी घरातूनच गोठवलेले मासे विकते. वीज दिवसातून चार तास आली तरी नशीब, त्यामुळे निम्मा माल फेकावा लागायचा. छपरावरच्या चार सोलर पॅनेलवर दिवा नि पंखा कसाबसा चालायचा. फ्रीजरही चालावा म्हणून एका कारागिरानं त्याच रांगेत आणखी चार पॅनेल जोडली. फरक शून्य! दुपार कलली की अंगणातल्या उक्वाच्या झाडाची सावली पत्र्यावर यायची आणि फ्रीजर बंद. झाड पाडा, मगच मला बोलवा, असं सांगून तो पठ्ठ्या गेला.

झाड पाडा म्हणे! त्या झाडाखाली न्नेच्या एकुलत्या एका मुलाची, सोमाडिनाची नाळ पुरलीय. सोमाडिना परदेशी गेला त्याला नऊ वर्षं झाली, गेली चार वर्षं फोनसुद्धा नाही. न्ने उगोम्माला एवढंच म्हणाली, "मासे सडले तर सडोत. झाड पाडलं, तर तो परतून कोणत्या घरी येईल गं?"

उगोम्मानं खिशातून खडू काढला. तीन दिवस दर तासाला शिडी चढायची आणि सावलीच्या कडेनं पत्र्यावर रेघ ओढायची. उन्हात तापलेल्या पत्र्यावर गुडघे टेकून. मला राहवेना.

"काय गं, छपराला ब्लाउज बेततेयस का?"

"हो ताई. कापड थोडं आहे, म्हणून नीट बेतावं लागतंय."

माझ्या हातातही त्या वेळी खडूच होता.

तिसऱ्या दिवशी तिनं न्नेला समोर बसवून समजावलं. पॅनेल एका रांगेत जोडली, की एकावर सावली पडली तरी सगळी रांग ढेपाळते. दोष झाडाचा नाही, जोडणीचा आहे. मग तिनं आठही पॅनेल सोडवली. चार सकाळच्या उन्हासाठी मोठ्या घरावर ठेवली आणि चार अंगणापलीकडच्या स्वयंपाकघरावर नेली, कारण तिथे सावली पोचतच नव्हती. दोन्हींच्या तारा वेगळ्या ठेवल्या आणि बॅटरी एक वाढवली. बाई छपरावर चढली म्हणून सगळ्यात जास्त कुरकुरणारे समोरचे आजोबा तेव्हा कुठे होते म्हणता? खाली, तिची शिडी धरून.

दोन दिवसांनी न्नेनं मला बोलावून फ्रीजर उघडून दाखवला. मासे असे टणक, की एकमेकांवर आपटले तर खणखण वाजावेत. म्हातारी रडली, मीही रडले. खोटं कशाला सांगू?

पुढच्या आठवड्यात गल्लीची वीज दोन दिवस गायब होती. तिसऱ्या दिवशी भर दुपारी ती आली, आणि आमच्या रिवाजाप्रमाणे घराघरातून आरोळ्या उठल्या. मीसुद्धा टेप गळ्यात घालून अंगणात धावले. न्ने तिच्या झाडाच्या सावलीत बसून गिऱ्हाईकाला मासे बांधून देत होती. तिनं मान वर केली.

"कसला गोंधळ गं हा? वीज गेली होती का?"

तेव्हा उगोम्मा माझ्या छपराला लावलेल्या शिडीवर खडू घेऊन उभी होती. ती इतकी हसली, इतकी हसली, की मी धावत जाऊन शिडी घट्ट धरली.