भरिताच्या जाळात गेलेला कडुनिंब

सोसायटीतल्या सगळ्यांनो, फळ्यावरचा हा कागद कुणी फाडला तर मी दुसरा लावीन.

आज रविवार, म्हणून आपल्या पटांगणात भरिताची पार्टी झाली. वांगी भाजायला शेतातल्या कापसाच्या वाळक्या काड्या पेटवल्या. वारा लागू नये म्हणून जाळ केला तो भिंतीच्या आडोशाला, थेट कडुनिंबाच्या रोपाशेजारी. काड्या संपल्या तेव्हा रोपाभोवतीचा बांबूचा पिंजराही मोडून त्यात घातला. तो पिंजरा आपल्याच वर्गणीतला होता.

मी दुपारी पाचोऱ्याहून परतलो तर रोपाचा नुसता काळा दांडा उभा.

"नाना, हे काय केलंत?" मी शेजारच्या नानांना विचारलं.

ते बोटं चाटत म्हणाले, "भाऊ, जागा बठ्ठासनी शे, झाड बठ्ठासनं शे. तुनं काय गयं? बस, भरीत खा."

त्याचं उत्तर इथे देतो. झाड बठ्ठ्यांचं, म्हणजे सगळ्यांचं होतं, तर विहिरीवरून सायकलला बादली अडकवून पाणी मी एकटाच का आणत होतो?

भरिताला सगळे आलात. आता वैशाखातल्या दुपारी खाट कुणाच्या सावलीत टाकणार आहात, तेवढं या कागदाखाली लिहा.

तुमचा सेक्रेटरी