तराफ्यावरची आरती

आमच्या आळीची रीत जगावेगळी. गणपतीची शेवटची आरती काठावर न करता तळ्याच्या मध्यावर, तराफ्यावर करायची. पूर्वी तराफा केळीच्या खुंटांचा असे, रुंद आणि पाण्याला चिकटलेला. त्या वर्षी कोणीतरी रिकामे निळे ड्रम आणले, वर बांबू आवळले आणि नवा तराफा झाला. ऐटबाज, उंच आणि अरुंद.

मी मालवाहू जहाजावर अधिकारी आहे. तेव्हा सुट्टीवर गावी, कडावला आले होते. तराफा बघताच म्हटलं, "हा उलटायचा."

"लोखंडाची बोट चालवते आनि ड्रमाला भिते!" आळीने मला उडवून लावलं.

तरंगण्याची काळजी मलाही नव्हती. तराफा जेवढं पाणी बाजूला सारतो, तेवढ्या पाण्याच्या वजनाचा भार तळं बिनतक्रार उचलतं. पण तरंगणं वेगळं आणि सरळ राहणं वेगळं. मी आणखी भांडले असते, पण तोवर बाबा वर चढलेसुद्धा. त्यांना पोहता येत नाही आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पाय दुमडत नव्हता. काठी टेकून ते मूर्तीसमोर उभे राहिले. मीही निमूट चढले. मागून आत्या आली, बाबांची थोरली बहीण.

मध्यावर पोचल्यावर टाळ वाजले आणि बसलेले सगळे उभे राहिले. आरतीला बसून कोण राहतं? पण माणसं उठली की भार वर सरकतो. तराफा कलला की बुडालेल्या बाजूचं पाणी त्याला वर ढकलून सरळ करू बघतं. भार खाली असेल तर ते जमतं. फार वर गेला तर तोच भार तराफा उलथवतो. डावीकडचे ड्रम पाण्यात दबले. बाबांची काठी सुटून पाण्यात गेली.

"खाली बसा!" मी ओरडले. कोणी बसेना. जहाजावर माझ्या शब्दावर माणसं हलतात, पण इथे देवासमोर बसा म्हणणारी मी कोण?

आत्या बसली. फतकल मारून, टाळ्या न थांबवता. "बसा रं सगळे! देव काय रागवत नाय."

तिच्या शब्दाबाहेर आळीत कोणी नाही. एकेक करून सगळे बसले. उरले बाबा. बसले तर ताठ पाय थेट मूर्तीकडे जाणार.

"देवाकडं पाय कसा करू गं?" ते काकुळतीला आले.

आत्याने सदरा धरून त्यांना खाली ओढलं, मी मागून सावरलं. त्यांचा पाय तिने स्वतःच्या मांडीवर घेतला, वरून पदर टाकला आणि पुढचं कडवं उचललं. तराफा थोडा डुलला आणि सरळ झाला. मूर्तीही आम्ही बसल्या बसल्याच पाण्यात सोडली.

भाराचं आणि पाण्याचं हे सगळं मी परीक्षेसाठी आकृत्या काढून घोकलं होतं. त्या दिवशी ते कामी आलं ते आत्यामुळे. तिने "का?" म्हणून विचारलं नाही. भाची ओरडतेय म्हणजे काहीतरी असणार, एवढंच तिने धरलं. तिचे हे उपकार माझ्याने फिटणार नाहीत.

काठावर उतरल्यावरही बाबांच्या जिवाला चैन नव्हतं. "पाय झालाच देवाकडं," ते पुटपुटले.

"झाला तर झाला," आत्या पदर पिळत म्हणाली. "पान्याखाली तर नाय ना गेलास?"

बाबा हसले. मी मात्र तिथेच, सगळ्या आळीसमोर, आत्याच्या गळ्यात पडून रडले.